फितरत, अनुमती आणि न्याय : एका जोडीदाराचा प्रश्न

वाचकहो, गेल्या पावसाळ्यात आगाशीतील एका घरी वलीम्याच्या जेवणानंतर काही तरुण ओटीवर बोलत बसले होते. बोलता बोलता विषय एकापेक्षा अधिक विवाहांवर आला आणि त्यांतील एकजण सहज म्हणाला, "पुरुष एकीसाठी घडलेलाच नाही. निसर्गच तसा आहे, म्हणून तर शरीअतने चारची मुभा दिली." सारे हसले. दाराच्या पडद्यापलीकडे आदल्या दिवशी त्या घरात आलेली नवी सून बसली होती. तिच्या कानी हे वाक्य गेले असेल, तर आपल्या दीनविषयी आणि आपल्या पुढच्या आयुष्याविषयी तिने त्यातून काय समजून घेतले असेल, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्या वाक्यात दोन विधाने आहेत. पहिले असे की, मनुष्याचा, विशेषतः पुरुषाचा, स्वभाव बहुपत्नीक आहे. दुसरे असे की, शरीअतची अनुमती म्हणजे या स्वभावाला मिळालेली मान्यता होय. याच्या नेमके उलट बोलणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्या मते एकपत्नीत्व हाच मनुष्याचा निसर्ग आहे आणि म्हणून इस्लामची अनुमती निसर्गाविरुद्ध आहे. दोन्ही पक्षांनी निसर्गालाच न्यायाधीश नेमले आहे. त्या न्यायाधीशाला हा निवाडा देण्याचा अधिकार आहे काय, हे आधी पाहू.

निसर्गाची साक्ष

पावसाळ्यात आपल्या भागातील ताडामाडांवर सुगरणीची घरटी लोंबताना आपण सर्वांनी पाहिली आहेत. नाव स्त्रीलिंगी असले, तरी ते घरटे विणतो नर. अर्धे विणून झाले की मादी येऊन ते पारखते. तिला पसंत पडले तर नर ते पुरे करतो, मादी आत अंडी घालते आणि नर दुसरे घरटे विणायला घेऊन दुसऱ्या मादीला बोलावू लागतो. पिलांचा बहुतेक भार एकट्या मादीवर पडतो. ओटीवरच्या त्या तरुणाला हा दाखला नक्कीच आवडला असता.

पण सह्याद्रीच्या रानात धनेशही आहे. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला बंद करून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते आणि नर कित्येक आठवडे त्या फटीतून तिला आणि पुढे पिलांनाही अन्न पुरवतो. तो परतला नाही तर सारे कुटुंब संकटात सापडते. गोंदियाच्या तळ्यांवर सारस पक्ष्यांची जोडी दीर्घकाळ एकत्र राहते. दुसरीकडे, आपल्या देवराया आणि घाटांतून फिरणाऱ्या वानरांच्या अनेक टोळ्यांत एक नर आणि बऱ्याच माद्या असतात. निसर्गात सर्वच प्रकार आढळतात. ज्याला जे हवे, त्याने तो पक्षी निवडावा.

माणसाच्या शरीराची साक्षही अशीच दुहेरी आहे. गोरिलांत एका नराभोवती अनेक माद्या असतात आणि नर मादीपेक्षा जवळजवळ दुप्पट वजनाचा असतो. जोडीने राहणाऱ्या गिबनांत नर आणि मादी आकाराने सारखेच असतात. माणूस या दोहोंच्या मध्ये येतो, पण गिबनाच्या अधिक जवळ. माणसाचे मूल इतकी वर्षे परावलंबी असते की एकट्या आईला ते वाढवणे अवघड जाते, म्हणून पित्याचे टिकून राहणे मोलाचे ठरते. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी जगातील हजाराहून अधिक समाजांची माहिती संकलित केली. त्यांपैकी पाचांतल्या चारांहून अधिक समाजांनी पुरुषाला एकापेक्षा अधिक पत्नींची मुभा दिलेली होती. मात्र मुभा देणाऱ्या बहुतेक समाजांतही बहुसंख्य पुरुष एकाच पत्नीसह राहत होते. याचे कारण फार खोल नाही. जन्माच्या वेळी साधारणपणे १०० मुलींमागे १०५ मुलगे असतात आणि विवाहाच्या वयापर्यंत दोहोंची संख्या जवळपास सारखी होते. एकाने चार विवाह केले, तर तिघांना अविवाहित राहावे लागते.

येथे आपल्याच घरातील एका युक्तिवादाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक असते, म्हणून बहुपत्नीत्व आवश्यक आहे, असे आपल्या लेखांतून आणि भाषणांतून वारंवार सांगितले जाते. युद्धानंतरच्या समाजांत असे घडलेही आहे. पण २०११ च्या जनगणनेत भारतात दर हजार पुरुषांमागे ९४३ स्त्रिया होत्या आणि महाराष्ट्रात ९२९. जो युक्तिवाद आपल्याच जिल्ह्यात खरा ठरत नाही, तो सत्याच्या बाजूने उभे राहू इच्छिणाऱ्याने मांडू नये.

मग निसर्ग काय सांगतो? एवढेच की, माणसात जोडीने राहण्याची ओढ आहे आणि भटकण्याचीही ओढ आहे. यापुढे त्याची साक्ष जात नाही. काय आहे, हे तो सांगतो. काय असावे, हे त्याला विचारून उपयोग नाही.

फितरत आणि नफ्स

कुरआनने 'फितरत' हा शब्द सूरह रूममध्ये (३०:३०) वापरला आहे. अल्लाहने मनुष्याला ज्या मूळ घडणीवर निर्माण केले, ती फितरत. तिच्यात सत्य ओळखण्याची पात्रता आहे. मनात उठणारी प्रत्येक इच्छा म्हणजे फितरत नव्हे. वाईटाकडे खेचणाऱ्या इच्छेला कुरआनने नफ्स म्हटले आहे (१२:५३). सूरह मआरिज (७०:१९) सांगते की, मनुष्य उतावळा निर्माण झाला आहे, पण लगेच नमाज कायम करणाऱ्यांना त्यातून वगळते. म्हणजे उतावळेपणा स्वाभाविक असूनही तो सबब म्हणून मान्य झालेला नाही. सूरह निसामध्ये विवाहाचे नियम सांगून झाल्यावर, मनुष्य दुर्बल निर्माण केला गेला आहे, असा उल्लेख येतो (४:२८). अल्लाहने आपली दुर्बलता जाणली आणि तिच्यासाठी ओझे हलके केले. दुर्बलतेलाच आपला हक्क म्हणावे, असे मात्र त्याने कोठेही सांगितलेले नाही.

त्याच सूरह रूममध्ये, फितरतच्या उल्लेखाआधी थोड्याच आयतींवर (३०:२१), विवाहाचे वर्णन आहे. आशय असा की, तुमच्यातूनच तुमचे जोडीदार निर्माण केले, जेणेकरून त्यांच्यापाशी तुम्हाला शांती लाभावी, आणि तुमच्यामध्ये प्रेम व दया ठेवली. सूरह बकरहमध्ये (२:१८७) पती आणि पत्नी यांना एकमेकांचा पोशाख म्हटले आहे. मनुष्यजातीचा आरंभही ह. आदम (अलै.) आणि ह. हव्वा यांच्या एका जोडीने झाला. विवाहाचे प्रयोजन शांती, प्रेम आणि दया हे असेल, तर आपल्या विवाहाकडे पाहताना पहिला प्रश्न असा असला पाहिजे : माझ्या घरात ज्या जिवाला माझ्यापाशी शांती लाभायची होती, त्याला ती लाभते आहे का?

अनुमती कोणासाठी आली?

आता त्या तरुणाचे दुसरे विधान घेऊ. चारची अनुमती ज्या आयतीत आहे (४:३), तिचा आरंभ पुरुषाच्या इच्छेपासून होत नाही. तो अनाथांपासून होतो. हिजरी सन ३ मध्ये, म्हणजे इ.स. ६२५ मध्ये, उहुदच्या युद्धात सुमारे ७० मुस्लिम शहीद झाले. लहानशा मदीनेत किती घरे एका दिवसात उघडी पडली असतील, याची कल्पना करा. त्या विधवा आणि अनाथांच्या पार्श्वभूमीवर ही आयत अनेक भाष्यकारांनी समजावून दिली आहे. ह. आयशा (र.) यांनी आपले भाचे ह. उरवा यांना सांगितलेला खुलासा बुखारीत आहे. काही पालक आपल्या ताब्यातील अनाथ मुलींशी, त्यांच्या संपत्तीसाठी आणि पुरेसा महर न देता, विवाह करू पाहत. त्यांना सांगण्यात आले की, त्या मुलींवर अन्याय होण्याची भीती असेल तर त्यांना सोडून अन्य स्त्रियांशी विवाह करा. दोन्ही खुलाशांत केंद्रस्थानी दुर्बलाचे रक्षण आहे.

त्या काळी अरबस्तानात विवाहांना संख्येची मर्यादा नव्हती. ह. गैलान सकफी (र.) यांनी इस्लाम स्वीकारला तेव्हा त्यांना दहा पत्नी होत्या आणि पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्यांना चारच ठेवण्यास सांगितले. म्हणजे चार ही संख्या दार उघडण्यासाठी आली नाही, ती सताड उघडे दार आवरण्यासाठी आली. त्याच आयतीत पुढे न्यायाची अट आहे. न्याय होणार नाही अशी भीती असेल तर एकच. लक्षात घ्या, येथे अन्याय सिद्ध होण्याची वाट पाहिलेली नाही. भीती एवढीच पुरेशी आहे. पुढे १२९ व्या आयतीत आणखी परखड आशय आहे : तुम्ही कितीही इच्छा केली तरी पत्नींमध्ये पूर्ण न्याय करू शकणार नाही, म्हणून एकीकडे इतके झुकू नका की दुसरी अधांतरी लटकत राहील.

बहुसंख्य उलमांनी याचा अर्थ असा लावला आहे की, खर्च, निवास आणि सहवासाच्या रात्री यांत समानता बंधनकारक आहे, मनाच्या ओढीवर मात्र माणसाचा ताबा नाही. पैगंबर (स.) स्वतः काटेकोर वाटणी करीत आणि जे आपल्या हाती नाही त्याबद्दल दोष न देण्याची विनवणी अल्लाहपाशी करीत, असे अबू दाऊदमध्ये आले आहे. दोन पत्नींपैकी एकीकडे झुकणारा पुरुष कयामतच्या दिवशी एक बाजू झुकलेल्या अवस्थेत येईल, ही हदीसही आपण ऐकली आहे. ज्यांना न्यायासाठीच पाठवले गेले, ते जर या वाटणीच्या चिंतेने दुआ करीत होते, तर ओटीवर हसत हसत 'चारची मुभा' म्हणणाऱ्याने आपला हिशेब किती सोपा समजला आहे!

आणि त्यांच्याच जीवनाचा पूर्वार्ध पाहा. वयाच्या पंचविसाव्या वर्षी ह. खदीजा (र.) यांच्याशी निकाह झाला. सुमारे २५ वर्षे, त्यांच्या निधनापर्यंत, पैगंबर (स.) यांनी दुसरा विवाह केला नाही. हे त्यांच्या तारुण्याचे आणि प्रौढत्वाचे वय होते आणि त्या समाजात कोणी त्यांना अडवले नसते. ह. अली (र.) यांच्या अबू जहलच्या मुलीशी दुसऱ्या विवाहाची बोलणी निघाली, तेव्हा ह. फातिमा (र.) यांचे दुःख ते माझे दुःख, अशा आशयाचे शब्द पैगंबर (स.) यांनी मिंबरवरून उच्चारले. हलाल गोष्टीला हराम ठरवीत नसल्याचेही त्यांनी तेव्हाच स्पष्ट केले. तो विवाह झाला नाही आणि ह. फातिमा (र.) हयात असेपर्यंत ह. अली (र.) यांनी दुसरा विवाह केला नाही. अनुमती कायम राहिली आणि एका पत्नीचे दुःखही मोजले गेले. या दोन गोष्टी एकत्र धरता येतात, हे आपल्याला येथे शिकायला मिळते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे : जो आपल्या दुसऱ्या विवाहासाठी निसर्गाचा दाखला देतो, तो शरीअतचा दाखला गमावतो. कारण शरीअतने इच्छेच्या नावाने काहीच दिलेले नाही. जे दिले ते जबाबदारीच्या नावाने दिले. एकपत्नीत्व स्वाभाविक असो वा नसो, न्याय हा कोणालाच आपोआप जमत नाही. तो करावा लागतो.

बंदराकाठची जुनी गोष्ट

आपला आगाशी-सोपाऱ्याचा किनारा या प्रश्नाशी फार जुना परिचित आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हल्ले केले तेव्हा आगाशी हे जहाजबांधणीचे आणि व्यापाराचे बंदर होते. त्याच्या कितीतरी आधीपासून अरब दर्यावर्दी सोपाऱ्याला ओळखत होते. दहाव्या शतकाच्या आरंभी अल्-मसूदी कोकणातील चौलला आला, तेव्हा तेथे त्याला ओमान, बसरा, बगदादहून येऊन स्थायिक झालेले आणि येथेच जन्मलेले मुस्लिम मोठ्या संख्येने आढळले. जे स्थायिक झाले त्यांनी येथे घरे वसवली. परंतु बंदरांवर दुसऱ्या प्रकारचे विवाहही होत. चौदाव्या शतकात इब्न बतूता मालदीवमध्ये काजी होता. जहाजे येतात, खलाशी विवाह करतात आणि निघताना तलाक देऊन जातात, असे त्याने तेथील रीतीविषयी लिहिले आहे. त्याने स्वतःही तेथे चार विवाह केले आणि तो निघून गेला. प्रवासवर्णनात प्रवाशाची बाजू आली. मागे राहिलेल्यांची बाजू लिहायला कोणी नव्हते.

आज जहाजाची जागा विमानाने घेतली आहे. आखातात गेलेल्या मुलांच्या कमाईवर कोकणातील असंख्य घरे उभी राहिली, त्यांच्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण माझ्या परिचयातील एक खाला आहेत, त्यांचे नाव सांगण्याचे कारण नाही. पतीने परदेशात दुसरे घर केले. पैसे दर महिन्याला येतात, स्वतः तो कित्येक वर्षांत आलेला नाही. एकदा स्त्रियांच्या दर्समध्ये १२९ व्या आयतीचा अर्थ सांगितला गेला. दर्स संपल्यावर त्या थांबल्या आणि सांगणाऱ्या बाईंना त्यांनी विचारले, "लटकती म्हणजे माझ्यासारखी का?" त्या बाईंना उत्तर सुचले नाही. वाचकहो, आपल्याला सुचते का? पतीने खर्च दिला, म्हणून न्याय झाला, असे आपण म्हणणार आहोत का?

कायदा, आकडे आणि आपली जबाबदारी

या राज्यात हा प्रश्न न्यायालयातही गेला होता. तत्कालीन मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला प्रतिबंध करणारा कायदा केला. एकाच देशात हिंदू पुरुषाला शिक्षा आणि मुस्लिम पुरुषाला मोकळीक, हा भेदभाव आहे, असा आक्षेप नरसू अप्पा माळी खटल्यात घेतला गेला. १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला आणि न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी तो आक्षेप फेटाळला. सुधारणा टप्प्याटप्प्याने करण्याची राज्याला मुभा आहे, असे त्यांनी मानले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने पुढे हाच नियम देशभर आणला. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. दलवाईंच्या विचारांशी आपल्यापैकी अनेकांचा मूलभूत मतभेद आहे आणि तो राहील. पण त्या सात जणींचे दुःख खरे होते. ते त्यांना आपल्या जमातीपुढे मांडता आले नाही, रस्त्यावर मांडावे लागले, याचा दोष त्यांच्यावर टाकता येत नाही.

दुसऱ्या बाजूला, बहुपत्नीत्व ही केवळ मुस्लिमांची रीत आहे, हा समजही आकड्यांत टिकत नाही. स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या १९७४ च्या राष्ट्रीय समितीच्या अहवालात दिलेल्या पाहणीत हिंदूंमधील प्रमाण ५.८ टक्के आणि मुस्लिमांमधील ५.७ टक्के होते. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात सुमारे १.४ टक्के विवाहित स्त्रियांनी पतीला अन्य पत्नी असल्याचे सांगितले. हिंदू स्त्रियांत हे प्रमाण १.३ टक्के होते आणि मुस्लिम स्त्रियांत १.९ टक्के. म्हणजे शंभरांतील अठ्ठ्याण्णव मुस्लिम घरे आजही एका जोडीचीच आहेत. आरोप करणाऱ्यांना हे आकडे जरूर सांगावेत. पण उरलेल्या दोन घरांतील स्त्रीला आकड्याने दिलासा मिळत नाही. कयामतच्या दिवशी टक्केवारी विचारली जाणार नाही, तिच्याविषयी विचारले जाईल.

मग आपण काय करू शकतो? शरीअतमध्येच मार्ग आहेत. ज्या अटींवर तुम्ही विवाहसंबंध हलाल करून घेतले, त्या पूर्ण करणे सर्वाधिक आवश्यक आहे, अशा आशयाची हदीस बुखारीत आहे. दुसरा विवाह न करण्याची अट निकाहच्या वेळी घालता येते. हनबली फिकहमध्ये ती बंधनकारक आहे आणि तिचा भंग झाल्यास पत्नी निकाह रद्द करून घेऊ शकते. ट्युनिशियातील कैरवान शहरात अशी अट निकाहनाम्यात लिहिण्याची प्रथा शतकानुशतके होती. आपल्याकडे पत्नीला तलाकचा अधिकार सोपवण्याच्या, म्हणजे तफवीजच्या, मार्गाने अशी तरतूद केली जाते आणि भारतीय न्यायालयांनी ती मान्य केली आहे. कोकणातील आपली बहुसंख्य कुटुंबे शाफई आहेत, म्हणून शब्दरचना करताना आपल्या आलिमांचा सल्ला घ्यावा. १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदाही पत्नींना कुरआनच्या आदेशानुसार समान न वागवणे हे विवाहविच्छेदाचे कारण मानतो. तो कायदा घडवण्यामागे मौलाना अश्रफ अली थानवी यांच्यासारख्या उलमांचा विचार होता, हे आपल्या मुलींना सांगितले पाहिजे.

मुलीच्या निकाहच्या बोलणीत आपण महर, दागिने, जेवणाची पाने यांवर तासन्‌तास बोलतो. या एका अटीवर बोलताना मात्र वडिलांची मान खाली जाते, जणू ती अशुभ गोष्ट आहे. ह. उमर (र.) यांच्यापुढे एका पत्नीच्या अटीचा वाद आला, तेव्हा पतीला ती अट पाळायला लावली गेली. त्यांना जे संकोचाचे वाटले नाही, ते आपल्याला का वाटावे?

आणि मुलाच्या आईवडिलांनी आपल्या मुलाला निकाहपूर्वी एवढे जरूर विचारावे : तुला शरीअतने दिलेल्या मुभेची माहिती आहे, तिच्या अटीची आहे का? ज्या प्रसंगी ही मुभा खरोखर आधार ठरते, एखाद्या विधवेला, निराधार स्त्रीला तिच्या पूर्ण संमतीने, पहिल्या पत्नीचा एकही हक्क न बुडवता घर देण्याच्या प्रसंगी, ती वापरणारे पुरुष फार थोडे. तिचे नाव घेणारे फार. हे अंतर भरून काढणे हे आपल्या तर्बियतचे काम आहे.

ओटीवरच्या त्या तरुणाचा मला राग नाही. त्याने जे ऐकले होते तेच तो बोलला. पण पुढच्या वेळी कोणी असे बोलले, तर आपण हसण्यात सामील होऊ नये. त्याला तिसऱ्या आयतीबरोबर एकशे एकोणतिसावी आयतही वाचून दाखवावी, आणि पडद्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात वाचावी.

अल्लाह आपल्या घरांत शांती, प्रेम आणि दया नांदवो, ज्या भगिनी अधांतरी जगत आहेत त्यांची सुटका करो आणि आपल्याला आपल्या अधिकाराआधी आपली जबाबदारी ओळखण्याची तौफीक देवो. आमीन.